आत्याचे चार रविवार

जगात जेवढी माणसं आहेत तेवढेच आवाज आहेत आणि त्यांतल्या निम्म्या आवाजांशी माझ्या आत्याची ओळख आहे, असं मी लहानपणी अगदी खरं मानत होते. अजूनही थोडंफार मानते. चेहऱ्यांशी मात्र तिचं कधी जमलं नाही. बाबांची ही चुलत बहीण उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहायची आणि तीस वर्षं तिनं मुंबईत परदेशी ट्रंक कॉल जोडून देण्याचं काम केलं होतं. कानाला हेडफोन लावून तीस वर्षं समोरच्या बोर्डाकडे बघत बसलेल्या माणसाला चेहऱ्यांचं काय काम? विठ्ठलवाडीच्या एका लग्नात ती बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर अर्धा तास बसली होती आणि पलीकडच्या बाईंना सांगत होती, "आमचा भाऊ अजून आला नाही वाटतं, त्याला नेहमीच उशीर." शेवटी बाबांना खोकला आला, तेव्हा मानही न वळवता ती म्हणाली, "आलास होय? कधीचा?" याउलट इमारतीखाली भाजीवाला नुसता "भेंडी" म्हणाला की ती स्वयंपाकघरातून सांगायची, "हा आपला नाही. आपल्याचा धाकटा भाऊ आहे. आपला भेंडी लांबवतो."

तिला काही सांगायला गेलं की ती आधी आपल्याकडे पाठ करून बसायची. "हं, बोल, ऐकतेय." नवख्या माणसाला तो अपमान वाटे. आम्हाला माहीत होतं की आत्यानं पाठ केली म्हणजे आता ती जीव लावून ऐकणार. दहावीचा निकाल सांगायला मी तिच्याकडे गेले होते. तिच्या अंबाड्याला मी माझे सगळ्या विषयांचे मार्क सांगितले, तेही चांगले होते, आणि आवाजही मी शक्य तेवढा आनंदी ठेवला होता. अंबाडा म्हणाला, "मार्क ठीक आहेत. रडलीस कशाला येताना?" मी खरंच रडले होते, मैत्रिणीशी भांडून, विठ्ठलवाडीच्या पुलावर. पण ते अंबाड्याला कळेल असं वाटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तीन मिनिटं. कुणीही काहीही सांगत असो, तीन मिनिटं झाली की ती ट्रंक कॉलवर विचारतात तसं मधेच विचारायची, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं?" आमचे एक लांबचे काका गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्यापासून सांगत होते. भूल देण्यापर्यंत आले आणि हा प्रश्न आला. काका गोंधळून "हो" म्हणाले. पुढच्या तीन मिनिटांत टाके पडले नाहीत, म्हणून ती चहा टाकायला उठून गेली आणि काका उघड्या गुडघ्यानिशी तसेच बसून राहिले. तिसरी गोष्ट, लाइनवर ऐकलेलं ती कधीही, कुणालाही सांगत नसे. कॅम्प पाचच्या सिंधी व्यापाऱ्यांचे मुलगे, भाऊ, मेहुणे जगभर पसरलेले, आणि एके काळी त्यांचे बरेचसे कॉल तिच्या हातून गेलेले. कुणाचं काय तिच्या कानावर पडलं असेल हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे सगळ्या बाजारात तिला फार मान होता. "आओ दीदी, बैठो दीदी," म्हणत कापडवाला तिला दोन बोटं जास्तच कापड मोजून द्यायचा. आई एकदा तिला खोदून खोदून विचारत होती की कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचं हाँगकाँगला नक्की काय झालं. आत्या म्हणाली, "वहिनी, मिठाई चांगली असते त्याची. ती खा."

निवृत्त झाल्यावर तिच्या ऑफिसातल्या बायकांनी बांगड्या केल्या, कुणी बुद्धगयेला जाऊन आल्या. आत्यानं पासपोर्ट केला आणि अंबरनाथला एका निवृत्त प्राध्यापिकेच्या घरी चालणाऱ्या स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं. त्या वर्गात मी आधीपासून होते. तेव्हा सगळीकडे एकच चाललेलं होतं, की परदेशी भाषा येत असेल तर कॉल सेंटरवाले मुलींना घ्यायला घरी गाडी पाठवतात. बदलापुरात बेलवलीला आमच्या घरापर्यंत रिक्षासुद्धा कुरकुरत यायची, त्यामुळे बाबांना ही कल्पना फार आवडली होती. माझं एवढंच होतं की इंग्रजी शाळेत शिकून, घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि आता ही स्पॅनिश, अशा चार भाषा मला येत होत्या आणि त्यांतल्या एकीतही मी बोलत नव्हते. वहीत माझं एक क्रियापद चुकत नसे. बाईंनी उभं केलं की घसा बंद. आत्यानं पहिल्याच आठवड्यात माझं नाव ठेवलं, 'एंगेज टोन'. "लावावं तेव्हा एंगेज. एवढं कुणाशी बोलत असतेस गं आतल्या आत?"

बाईंनी आत्याला विचारलं होतं, या वयात स्पॅनिश कशासाठी? आत्या म्हणाली, "काम आहे." एवढंच. मग मे महिन्यात चार आठवडे स्पेनला जाऊन शिकायची टूम निघाली. वर्गातली बाकी मुलं एकेक करून गळाली आणि उरलो आम्ही दोघी. बाबा म्हणाले, "तू जाणार हिला घेऊन? विमानतळावर ही हरवली तर तुला ओळखू तरी येईल का?"

"बोलली तर येईल," आत्या म्हणाली.

"बोलत नाही ना ती."

"मग बोलायला लावीन. पासपोर्ट दे तिचा."

आम्ही गेलो ते गाव पिवळ्या दगडाचं होतं. उन्हात ते मधासारखं दिसायचं. चर्चच्या मनोऱ्यांवर करकोच्यांची घरटी होती आणि रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तरी आकाशातला उजेड जायचं नाव घेत नसे. दुपारी सगळं गाव झोपायचं. खिडक्यांच्या झडपा लागायच्या आणि त्या फटींतून आत येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्या पलंगावरून हळूहळू सरकत जायच्या. मला त्या चार आठवड्यांतली अर्धी आठवण स्वप्नातल्यासारखी आहे. खरं असल्याची खूण म्हणून मधूनमधून आत्या ऐकू येते.

आम्ही एका विधवा सेन्योरांच्या घरी पेइंग गेस्ट होतो. पहिल्या दिवशी पहाटे पाच वाजता सेन्योरा उठून आल्या तर त्यांच्या घरातली पातेली, जग, सुपाचे वाडगे, फुलदाणी आणि वाइनच्या दोन सुरया पाण्यानं काठोकाठ भरून ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि आत्या तिसरी सुरई नळाखाली धरून उभी होती. सेन्योरांनी घाबरून विचारलं, काय झालं? आत्यानं मला हाक मारली आणि सांग म्हणाली, पाणी जाईल. मी सांगितलं. सेन्योरांनी विचारलं, कुठे जाईल? या प्रश्नाचं उत्तर आमच्या कुठल्याच धड्यात नव्हतं. लोडशेडिंगचंही तेच. वीज जायच्या आत म्हणून आत्या सकाळी नऊला इस्त्री, स्वयंपाक, अभ्यास सगळं उरकून पर्समध्ये मेणबत्ती आणि काडेपेटी टाकून तयार असायची, आणि वीज काही केल्या जायची नाही. "आज नाही गेली, उद्या डबल जाईल," ती म्हणायची. दोन आठवड्यांनी मी पाहिलं, सेन्योरासुद्धा झोपायच्या आधी ओट्यावर एक जग भरून ठेवायला लागल्या होत्या.

वर्गात दाढीवाले एक तरुण सर होते. आत्यानं पहिल्याच तासाला आपली खुर्ची उचलून भिंतीकडे वळवून घेतली, तेव्हा त्यांना वाटलं ती कशाचा तरी निषेध करते आहे. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की समोरून विचारलं तर ही बाई अडखळते, चाचपडते, ओठांकडे बघत बसते, आणि पाठमोरी बसली की सरळ बोलत सुटते. ऑपरेटरसारखं, ठाशीव, प्रत्येक आकडा सुटा करून. "तोंड बघायचं की ऐकायचं?" ती मला म्हणाली. "दोन्ही एकदम कसं करतात लोक?" शेवटच्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली तीही तिनं तशीच दिली. पांढरी साडी नेसून, भिंतीवरच्या नकाशाशी बोलत. परीक्षक बाई तिच्या पाठीला प्रश्न विचारत होत्या. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले. मी परीक्षकांच्या डोळ्यांत बघून सात वाक्यं बोलले होते.

पण हे सगळं ती ज्यासाठी करत होती ते मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. एका दुपारी झडपा लावून आम्ही पडलो होतो तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड करून सांगितलं. "हे लाइनवर ऐकलेलं नाही," आधी तिनं बजावलं, "अम्मांनी स्वतः सांगितलंय. म्हणून सांगते."

अम्मा म्हणजे कॅम्प पाचमधल्या तिच्या शेजारच्या सिंधी आजी, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचा मुलगा कित्येक वर्षांपासून स्पेनच्या कॅनरी बेटांवर दुकान टाकून आहे. समुद्रावर येणाऱ्या प्रवाशांना टोप्या, घड्याळं विकतो. बायको तिकडचीच. त्यांना एकच मुलगा, त्याला फक्त स्पॅनिश येतं. हा नातू सहा वर्षांचा असताना ती सगळी मे महिन्यात उल्हासनगरला आली होती आणि आईबाप माल बघायला जयपूरला गेले तेव्हा दोन दिवस तो अम्मांकडे राहिला. ते दोन्ही दिवस तो काहीतरी मागत होता. तेच तेच सांगायचा आणि रडायचा. अम्मांनी त्याला पाणी दिलं, पापड दिला, दूध दिलं, चेंडू आणून दिला, देवाजवळची घंटासुद्धा काढून दिली. तो प्रत्येक वस्तू बाजूला सारायचा आणि पुन्हा रडायचा. आईबाप परत आले, सामान बांधून सगळे निघून गेले. नंतर फोनवर अम्मांनी मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "बच्चा था अम्मा, छोड़ो." अम्मांनी काही सोडलं नाही. आठ वर्षं झाली. दर रविवारी फोन यायचा, नातवाच्या हातात दिला जायचा, आणि मग दोन्हीकडे नुसता श्वास. तो आता चौदाचा झाला होता आणि गेल्या वर्षापासून त्यानं फोनवर येणंच बंद केलं होतं. भारतातला लांबलचक नंबर दिसला की घेतच नसे.

"आणि अम्मांचा डावा कान गेलाय," आत्या भिंतीला म्हणाली. "उजवा पण चाललाय. डॉक्टर म्हणाला, वर्षभर. त्यांना एकच विचारायचंय त्याला. त्या दिवशी तुला काय हवं होतं. कान आहे तोवर ऐकायचंय, बस."

"म्हणून तू स्पॅनिश शिकलीस?"

"मग काय कॉल सेंटरला जायचंय मला?"

बेत असा होता. इथल्या नंबरवरून फोन गेला तर नातू उचलेल, कारण स्पेनचा नंबर म्हणजे घरचाच. रविवारी सकाळी त्याचे आईबाप दुकानात असतात आणि तो घरी एकटा. त्याच वेळी दुसऱ्या लाइनवर अम्मांना घ्यायचं, आणि मधे आत्या. रविवार मिळणार होते चार. गावात फोन करायचं एक दुकान होतं, काचेच्या सहा केबिन, प्रत्येकीवर आकडा. ते दुकान पहिल्यांदा दिसलं तेव्हा आत्या दारात तशीच उभी राहिली, माणसं देवळाच्या दारात राहतात तशी. केबिनमधून उल्हासनगर लावायचं, आणि बाबांनी घ्यायला लावलेला माझा इथला मोबाइल बेटांसाठी वापरायचा, असं ठरलं. आत्याच्या वहीच्या मागच्या पानावर तीन गावांची वेळ लिहिलेली होती. इथले साडेबारा म्हणजे बेटांवर साडेअकरा आणि कॅम्प पाचमध्ये दुपारचे चार.

पहिल्या रविवारी बेटांवर कुणी उचललंच नाही. दुसऱ्या रविवारी मुलानं उचलला. त्याचं झोपाळू "हॅलो" ऐकून आत्यानं डोळे मिटले आणि इकडे अम्मांचा फोन मेलेला. कॅम्प पाचच्या लोडशेडिंगचं वेळापत्रक त्याच आठवड्यात बदललं होतं आणि अम्मांचा फोन त्यांच्या मुलानं परदेशातून पाठवलेला बिनतारी, वीज गेली की तो खेळणं. नवीन वेळापत्रक मिळवायला मला बाबांना फोन करावा लागला. बाबांनी काळजीनं विचारलं, "तिकडं पण आहे का?" तिसऱ्या रविवारी वीज होती, फोन होता, सगळं होतं, पण बेटांवर मुलाच्या आईनं उचललं. तिला बरं नव्हतं म्हणून ती घरी होती. आत्यानं मुलाचं नाव घेतलं. आई म्हणाली, तो खेळायला गेलाय, मी त्याची आई, मला सांगा. आत्यानं नम्रपणे "माफ करा" म्हटलं आणि फोन बंद केला.

"अगं, बोलायचं ना," मी म्हणाले. "निरोप तरी ठेवायचा."

"पी.पी. कॉल आहे हा. ज्याचं नाव सांगितलं त्यालाच जोडायचा. तो नसेल तर कॉल कॅन्सल."

"आत्या, ती त्याची आई आहे."

"असेल. तिच्या नावावर बुक नाही."

शेवटचा आठवडा त्यामुळे विचित्र गेला. वर्गातले सगळे एकमेकांचे पत्ते लिहून घेत होते, फोटो काढत होते, रोज संध्याकाळी चौकात बसत होते. मीही बसायचे, जरा कडेला. त्या लांबलेल्या उजेडात सगळ्यांचे चेहरे इतके सुंदर दिसायचे, की वाटायचं कुणाशी तरी बोलावं, आणि बोलायच्या आत दिवे लागायचे. आत्या यायचीच नाही. ती खोलीत बसून एकच प्रश्न घोकत असायची, हळू, मग भरभर, मग आणखी हळू. त्या दिवशी तुला काय हवं होतं. जेवायची निम्मंच. सेन्योरा मला बाजूला घेऊन विचारायच्या, घरची आठवण येते का तिला? मी मान हलवायचे. सोमवारी पहाटे आमची गाडी होती. म्हणजे रविवार एकच उरला होता.

त्या रविवारी आम्ही अकरालाच दुकानात जाऊन तीन नंबरची केबिन धरली. आत दोघींना पुरेल एवढी जागा नव्हती. मी दाराला पाठ लावून मोबाइल घेऊन उभी, आत्या स्टुलावर. साडेबाराला उल्हासनगर लागलं. स्पेन लांब आहे म्हणून अम्मा इतक्या मोठ्यानं बोलायच्या, की रिसीव्हर आत्याच्या कानाला असून मलाही स्वच्छ ऐकू येत होतं. "होल्ड करो अम्मा," आत्या म्हणाली. "लाइन मत छोड़ना." मग तिनं मला खूण केली. मी बेटांचा नंबर लावून मोबाइल तिच्या दुसऱ्या कानाला धरला. मुलानं उचलला. आत्यानं आपल्या सगळ्यात चांगल्या आवाजात सुरुवात केली आणि त्यानं लगेच कट केला.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिनं माझ्याकडे असं सरळ बघितलेलं मला फारसं आठवत नाही.

"माझा आवाज ऑफिसातला वाटतो," ती म्हणाली. "काहीतरी विकतात तसला. तू बोल."

"मी काय बोलू?"

"कट करू नको, एवढंच सांग त्याला."

रिसीव्हरमधून अम्मा विचारत होत्या, "आया? पुट आया?" पोरगा आला का, म्हणून. मी पुन्हा नंबर लावला. त्यानं उचलल्याबरोबर, क्रियापद कुठल्या काळातलं वगैरे काहीही न ठरवता, माझ्या तोंडून निघालं की कृपा करून फोन ठेवू नकोस, तुझी आजी आहे. भारतातली.

 मग त्यानं अगदी लहान आवाजात विचारलं, "वारली का?"

"नाही. लाइनवर आहे. तुला काहीतरी विचारायचंय."

मी मोबाइल आत्याच्या कानाला लावला. आत्या भिंतीकडे वळली आणि महिनाभर घोकलेला तो प्रश्न तिनं एकदाच, शांतपणे विचारला. सहा वर्षांचा असताना तू उल्हासनगरला आला होतास. दोन दिवस आजीकडे होतास. काहीतरी मागत होतास. तुला काय हवं होतं?

तो विसरला असणार, असं मला वाटलं. चौदा वर्षांचा मुलगा, त्याला कशाला आठवेल. केबिनच्या काचेवर ऊन आलं होतं. बाहेर कुणीतरी पाच नंबरमध्ये हसत होतं. मग तो बोलायला लागला आणि तो काय म्हणतोय ते आत्याच्या आधी मला कळलं. पंखा, तो म्हणत होता. छतावरचा पंखा. तो हलायचा, खडखड वाजायचा, तो माझ्या अंगावर पडणार असं वाटायचं. आमच्याकडे नसतो तसला पंखा. बंद कर, बंद कर, असं मी तिला सांगत होतो. आणि मी रडलो की ती उठायची आणि आणखी जोरात करायची.

आत्यानं रिसीव्हर तोंडाशी ओढला. मग दुसऱ्या कानाला म्हणाली, "अम्मा, पंखा. पंखा बंद करने को बोल रहा था. डर लगता था उसको."

"पंखा?"

"हां अम्मा."

"मैं समझी गर्मी लग रही है," अम्मा म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला होता. "मैं तो तेज़ करती गई."

मग काहीच नाही. आणि त्या काहीच नाहीमध्ये रिसीव्हरमधून एक 'टक' ऐकू आलं, आणि एक घरघर हळूहळू मंदावत थांबली. तोपर्यंत मागे ती घरघर चालू होती हे थांबल्यावरच माझ्या लक्षात आलं. चार वाजता, मे महिन्यात, कॅम्प पाचमध्ये अम्मांनी पंखा बंद केला होता. आत्यानं तिकडे सांगितलं, आजीनं पंखा बंद केला. मुलगा काहीतरी म्हणाला. आत्यानं मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि हनुवटीनंच मला खूण केली, बाहेर हो.

मी काचेबाहेर उभी राहिले. आत ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, दोन्ही कानांना दोन फोन, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. सुरुवातीला खांदे हलत होते म्हणजे ती बोलत होती. नंतर तिनं मोबाइल उलटा करून रिसीव्हरला चिकटवला आणि दोन्ही मिळून मांडीवर धरून ठेवले, भरलेलं भांडं धरावं तसे, आणि स्वतः नुसती बसून राहिली. एकमेकांची भाषा न येणारी ती दोघं आता काय बोलत होती कोण जाणे. दुकानाचा मालक माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. त्यानं विचारलं, कुठल्या तुम्ही? आणि मी त्याला सांगत बसले. अंबरनाथ, बदलापूर, बाबांचा कारखाना, आमच्याकडची उल्हास नदी, सगळं. मधे कधी तरी माझ्या लक्षात आलं की मी बोलते आहे.

दुसऱ्या दिवशी विमानात आत्या पूर्ण वेळ झोपली. तिच्या तोंडाकडे बघताना मला जाणवलं, की मीसुद्धा हा चेहरा कधी नीट बघितला नव्हता. उजव्या भुवईवर एक जुनी खूण होती.

जूनमधल्या एका रविवारी मी कॅम्प पाचला गेले. पाऊस लांबला होता आणि हवा अंगाला चिकटत होती. आत्या अम्मांकडे होती म्हणून मी तिथंच गेले. खोलीत पलंग, देव, फोन, आणि छताला नुसता एक हुक. अम्मांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून पंखा उतरवला होता आणि त्यालाच देऊन टाकला होता. सगळे त्यांना वेड्यात काढत होते. "आएगा तो ऊपर कुछ नहीं दिखना चाहिए," अम्मांनी मला समजावलं. तो येणार होता असं कुणीही म्हटलं नव्हतं.

थोड्या वेळानं फोन वाजला. आता रविवारी तोच करायचा. आत्यानं पाठ वळवली आणि मधे बसली. पंखा काढला हे तिनं त्याला सांगितलं तेव्हा तो हसला असावा, कारण आत्याचा खांदा हलला. मग तो काहीतरी बोलला.

"अम्मा, वो पूछता है," आत्या म्हणाली, "आपको गर्मी नहीं लगती?"

अम्मांच्या कपाळावरून घाम कानाच्या मागे ओघळत होता. ब्लाउज पाठीला चिकटला होता. त्यांनी पदरानं मान पुसली, तोच पदर घेऊन वारा घातला आणि ज्या कानानं अजून ऐकू येत होतं तो आत्याकडे केला.

"बोल उसको," त्या म्हणाल्या, "यहां तो बहुत ठंडी हवा है."

तीस वर्षांत आत्यानं कुणाचा एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. तिनं एकदा छतावरच्या त्या हुकाकडे पाहिलं आणि अम्मा जे म्हणाल्या ते, जसंच्या तसं, स्वच्छ स्पॅनिशमध्ये त्या मुलाला सांगितलं.